पाहुणे गेले, पहारा राहिला

फेब्रुवारी १९८५. लॉस एंजेलिसच्या उत्तर टोकाला असलेल्या पकोइमा वस्तीतलं एक साधं घर. आत दोन बायका आणि तीन लहान मुलं आइस्क्रीम खात बसली होती. तेवढ्यात भिंत फोडून चौदा फूट लांबीची पोलादी सोंड घरात घुसली. सोंडेमागे चिलखती वाहन होतं आणि त्या वाहनात शहराचे पोलीसप्रमुख डॅरिल गेट्स स्वतः बसले होते. घरात अमली पदार्थांचा अड्डा चालतो, अशी टीप होती. झडतीत हाती लागलं ते अगदीच किरकोळ.

ते वाहन तिथे कसं आलं, हा या लेखाचा विषय आहे. अणुप्रकल्पांच्या पहाऱ्यासाठी वापरली जाणारी अशी दोन वाहनं पोलिसांनी ऊर्जा खात्याकडून मिळवली होती, ती १९८४च्या ऑलिंपिकसाठी. खेळाडूंवर हल्ला झाला तर तयारी असावी, हे कारण कुणालाही पटण्यासारखं होतं. ऑगस्टमध्ये स्पर्धा निर्विघ्न पार पडली, खेळाडू आपापल्या देशी गेले आणि वाहनं पोलिसांच्या आवारात राहिली. सहा महिन्यांत त्यातल्या एकाला सोंड बसवून ते वस्त्यांमध्ये फिरू लागलं. न्यायाधीशाच्या आगाऊ परवानगीशिवाय या यंत्रानं कुणाचं घर फोडता येणार नाही, असं कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाला १९८७मध्ये बजावावं लागलं. ऑलिंपिकच्या काळात ‘टोळ्या आवरायच्या’ म्हणून सुरू झालेली धरपकडही थांबली नाही. एप्रिल १९८८च्या एकाच शनिवार-रविवारी सुमारे हजार पोलीस उतरवून चौदाशेहून अधिक जणांना पकडण्यात आलं. त्यातले बहुतेक जण गुन्हा दाखल न होताच सुटले. पकडलेली पोरं बहुतांशी कृष्णवर्णीय आणि लॅटिनो होती, हे वेगळं सांगायला नको.

मोठी स्पर्धा शहरात येते तेव्हा स्टेडियम, उड्डाणपूल, मेट्रो यांचा हिशेब मांडला जातो. तो विधिमंडळात विचारला जातो, वर्तमानपत्रांत छापून येतो. पोलिसांच्या हाती स्पर्धेपुरते म्हणून आलेले अधिकार, यंत्रं आणि सवयी यांचा हिशेब मात्र कुणी मागत नाही. माझ्या मते पाहुणे गेल्यावर शहराला सर्वांत जास्त काळ पुरतात त्या याच गोष्टी.

बंदोबस्त नकोच, असं म्हणणाऱ्यानं म्युनिक आठवावं. १९३६च्या बर्लिन ऑलिंपिकवर नाझी राजवटीची छाप होती. ती पुसण्यासाठी पश्चिम जर्मनीनं १९७२चे खेळ आनंदी, मोकळे ठेवायचं ठरवलं. पहारेकऱ्यांना फिक्या निळ्या रंगाचे कपडे दिले, हत्यारं दिली नाहीत. क्रीडाग्रामाभोवती जेमतेम माणसाच्या उंचीचं कुंपण होतं. रात्री उशिरा परतणारे खेळाडू त्यावरून उड्या मारून आत येत. पोलिसांचे मानसशास्त्रज्ञ गेऑर्ग झीबर यांनी काय काय विपरीत घडू शकतं याच्या २६ शक्यता लिहून दिल्या होत्या. त्यातली एकविसावी होती पॅलेस्टिनी गटानं पहाटे इस्रायली खेळाडूंच्या इमारतीत शिरण्याची. ती बाजूला पडली. ५ सप्टेंबरच्या पहाटे ‘ब्लॅक सप्टेंबर’चे आठ जण ट्रॅकसूट घालून त्याच कुंपणावरून आत शिरले. पोलीस छपरांवर चढले, ते दृश्य दूरचित्रवाणीवर थेट दिसत होतं आणि ओलीस ठेवणाऱ्यांच्या खोलीतही टीव्ही होता. रात्री विमानतळावर सुटकेचा प्रयत्न झाला. तिथे नेमलेले पाच बंदूकधारी पोलीस या कामाचं प्रशिक्षण घेतलेले नव्हते. इस्रायली चमूतले अकरा जण आणि एक जर्मन पोलीस गेला.

त्याच महिन्यात जर्मनीनं जीएसजी-९ हे खास पथक उभारण्याचा निर्णय घेतला. पुढे जगभरच्या पोलीस दलांनी अशी पथकं काढली. म्युनिकनंतर एकाही यजमान शहरानं फिक्या निळ्या कपड्यांचा विचार केला नाही, आणि त्यांना दोष देता येत नाही. अडचण अशी झाली की म्युनिकचं नाव घेतलं की कुठलाही खर्च, कुठलंही यंत्र मंजूर होऊ लागलं.

अथेन्सनं २००४मध्ये नुसत्या सुरक्षेवर एक अब्ज युरोहून अधिक खर्च केला. अमेरिकेवरच्या ११ सप्टेंबर २००१च्या हल्ल्यांनंतरचं ते पहिलं उन्हाळी ऑलिंपिक. कॅमेरे, आकाशात टेहळणीचा फुगा, आणि सगळी माहिती एकाच ठिकाणी जुळवणारी एक महागडी संगणकप्रणाली, जी स्पर्धेच्या काळात पूर्ण क्षमतेनं चाललीच नाही. त्याच उन्हाळ्यात एका मोठ्या मोबाइल कंपनीच्या यंत्रणेत कुणीतरी शिरलं. पोलिसांना कायदेशीर परवानगीनं फोन ऐकता यावेत म्हणून टेलिफोन एक्स्चेंजमध्ये जी सोय असते, तीच गुपचूप चालू करून शंभराच्या आसपास फोन ऐकले जाऊ लागले. त्यात पंतप्रधान कोस्तास कारामानलिस होते, मंत्री होते, अथेन्सच्या महापौरही होत्या. मार्च २००५मध्ये हे उघडकीला आलं आणि त्याच सुमारास कंपनीतल्या एका वरिष्ठ अभियंत्याचा मृतदेह घरात गळफास लागलेल्या अवस्थेत सापडला. ग्रीक जनतेला ही गोष्ट कळली २००६च्या फेब्रुवारीत. ऐकण्यासाठी दार ठेवलं की त्यातून कोण आत येईल हे दार बसवणाऱ्याच्या हातात राहत नाही, याचं इतकं ठळक उदाहरण मला दुसरं माहीत नाही. रस्त्यांवरच्या ऑलिंपिक कॅमेऱ्यांचा वापर फक्त वाहतुकीसाठी करायचा, असं ग्रीसच्या माहिती संरक्षण प्राधिकरणानं ठरवून दिलं होतं. नोव्हेंबर २००७मध्ये पोलिसांनी त्याच कॅमेऱ्यांतून मोर्चावर नजर ठेवली, तेव्हा प्राधिकरणाच्या अध्यक्षांनी राजीनामा दिला.

पण या सगळ्याची पूर्ण कहाणी पाहायची तर रिओ दि जानेरोकडे वळावं लागतं.

रिओच्या डोंगरउतारांवर फावेला आहेत, म्हणजे गरिबांनी पिढ्यान्‌पिढ्या विटा रचत उभ्या केलेल्या वस्त्या. अनेक फावेलांवर अमली पदार्थांच्या टोळ्यांचं राज्य होतं. पोलीस तिथे धाड घालायचे, गोळीबार करायचे, परत जायचे. २००७ या एका वर्षात रिओ राज्यात पोलिसांच्या हातून १,३३० माणसं मारली गेली. डिसेंबर २००८मध्ये सांता मार्ता या छोट्या फावेलात नवा प्रयोग सुरू झाला. पोलिसांनी वस्तीतच ठाणं मांडून कायमचं राहायचं, धाडी बंद करायच्या, लोकांशी ओळख वाढवायची. त्याला ‘शांतता प्रस्थापनेची पोलीस तुकडी’ असं नाव मिळालं आणि पोर्तुगीज आद्याक्षरांवरून यूपीपी हे नाव रूढ झालं. ऑक्टोबर २००९मध्ये २०१६चं ऑलिंपिक रिओला मिळालं. २०१४चा फुटबॉल विश्वचषक ब्राझीलला आधीच मिळाला होता. मग यूपीपींची संख्या भराभर वाढून ३८वर गेली.

हे सुरुवातीला कामाला आलं, हे मान्य केलं पाहिजे. खून कमी झाले. पोलिसांच्या हातून होणारे मृत्यू २०१३मध्ये ४१६वर आले. पण नकाशा समोर ठेवला की दुसरी गोष्ट दिसते. ठाणी दाटीनं उभी राहिली ती समुद्रकिनाऱ्यावरच्या हॉटेलांच्या पट्ट्यात, माराकाना स्टेडियमच्या परिसरात, विमानतळाच्या वाटेवर. गरिबी आणि हिंसा जिथे जास्त, त्या बायशादा फ्लुमिनेन्से भागाकडे आणि आजी-माजी पोलिसांच्याच खंडणीखोर टोळ्यांच्या ताब्यात असलेल्या पश्चिम भागाकडे फारसं कुणी फिरकलं नाही. पैशाचा आधारही कच्चा होता. उद्योगपती एइके बातिस्ता या योजनेला दरवर्षी दोन कोटी रिआल देणार होते. २०१३मध्ये त्यांचा उद्योग कोसळला आणि मदत थांबली. पोलीस दल एखाद्या धनिकाच्या देणगीवर चालवायचं, ही कल्पनाच मला भयंकर वाटते.

त्याच वर्षीच्या १४ जुलैला रोसिन्या फावेलातल्या अमारिल्दो दि सोझा या गवंड्याला पोलीस चौकशीसाठी यूपीपीच्या मुख्य ठाण्यात घेऊन गेले. तो परत आलाच नाही. त्याचा मृतदेह आजतागायत मिळालेला नाही. त्या वेळी देशभर मोर्चे निघत होते, विश्वचषकाच्या खर्चावर लोक चिडले होते. ‘अमारिल्दो कुठे आहे?’ हा प्रश्न भिंतींवर, फलकांवर, चित्रवाणीवर झळकला. विजेचे धक्के देऊन, श्वास कोंडून त्याचा छळ झाल्याचं तपासात निघालं, आणि २०१६मध्ये डझनभर पोलिसांना शिक्षा झाली. जी योजना वस्तीशी ओळख वाढवण्यासाठी आली होती, तिच्याच ठाण्यात हे घडलं.

२०१४च्या एप्रिलमध्ये, विश्वचषक दोन महिन्यांवर असताना, विमानतळाच्या रस्त्यालगतच्या मारे या फावेलांच्या समूहात थेट लष्कर घुसवलं गेलं. अडीच हजारांहून अधिक सैनिक वर्षभराहून जास्त काळ तिथे ठाण मांडून होते. पोरं शाळेत जाताना रस्त्याच्या कोपऱ्यावर रणगाड्यासारखी वाहनं उभी असत. विमानतळाकडून शहरात येणाऱ्या महामार्गाच्या कडेला आवाज अडवण्यासाठी म्हणून उंच फलक बसवले गेले होते. मारेतले लोक म्हणत, आवाज कसला अडवता, आम्हाला झाकताय.

ऑलिंपिकला पन्नास दिवसही उरले नव्हते तेव्हा रिओ राज्याच्या तिजोरीत खडखडाट झाला. आर्थिक आणीबाणी जाहीर झाली. पगार थकलेले पोलीस आणि अग्निशमन कर्मचारी विमानतळावर ‘नरकात स्वागत’ असा फलक घेऊन उभे राहिले. केंद्र सरकारनं २.९ अब्ज रिआल दिले, ते मुख्यत्वे सुरक्षेसाठी. स्पर्धेच्या दिवसांत सुमारे ८५ हजार पोलीस आणि सैनिक शहरात होते. त्यानंतर पैसा आटला, यूपीपी एकेक करून बंद पडत गेल्या, धाडी परत सुरू झाल्या. पोलिसांच्या हातून होणारे मृत्यू २०१६मध्ये नऊशेच्या वर गेले आणि २०१९मध्ये १,८००च्या. २००७पेक्षाही हा आकडा मोठा. फेब्रुवारी २०१८मध्ये राज्याची सुरक्षा थेट लष्करी जनरलच्या हाती देण्यात आली.

मारिएले फ्रांको हे नाव इथे घेतलंच पाहिजे. ती मारेमध्येच जन्मली, तिथेच वाढली. यूपीपी या योजनेवरच तिनं पदव्युत्तर प्रबंध लिहिला. २०१६मध्ये नगरसेविका म्हणून निवडून आली. लष्करी हस्तक्षेपावर देखरेख करणाऱ्या महापालिकेच्या समितीत तिची नेमणूक झाली आणि दोनच आठवड्यांत, १४ मार्च २०१८ला, गाडीत असताना तिला आणि तिच्या चालकाला गोळ्या घालून मारण्यात आलं. २०२४मध्ये या खुनासाठी दोघांना शिक्षा झाली. दोघेही माजी पोलीस.

हे दूरदेशीचं म्हणून सोडून द्यावं, तर आपलं घरही फार निराळं नाही. १९८२चं दिल्लीचं एशियाड आपल्याला रंगीत टीव्ही, उड्डाणपूल आणि अप्पू या शुभंकर हत्तीसाठी आठवतं. अकाली दलानं स्पर्धेच्या वेळी दिल्लीत निदर्शनं करण्याची घोषणा केली होती. तेव्हा भजनलाल यांच्या हरियाणा सरकारनं पंजाबातून दिल्लीकडे येणाऱ्या रस्त्यांवर आणि गाड्यांत पगडी पाहून माणसं उतरवली, झडत्या घेतल्या, परत पाठवली. ज्यांच्यासमोर ढाक्यात पाकिस्तानी सैन्यानं शरणागती पत्करली, त्या लेफ्टनंट जनरल जगजितसिंग अरोरांनाही हा अपमान सोसावा लागला. खेळ शांततेत पार पडले. पंजाबच्या पुढच्या दोन वर्षांचा इतिहास लिहिणारे जवळपास सगळे लेखक या झडत्यांपाशी थांबतात.

२०१०च्या राष्ट्रकुल स्पर्धेआधी दिल्लीत भिकाऱ्यांना पकडून जागच्या जागी निकाल देणारी फिरती न्यायालयं सुरू झाली. त्यासाठी वापरलेला कायदा आपल्याकडचा होता, मुंबई भिक्षा प्रतिबंधक कायदा, १९५९. मुंबई राज्यानं केलेला हा कायदा दिल्लीला लागू करण्यात आला होता. नुसतं रस्त्यावर निराधार दिसणं हादेखील त्यात पकडायला पुरेसा आधार. दिल्ली उच्च न्यायालयानं ऑगस्ट २०१८मध्ये त्यातली भीक मागण्याला गुन्हा ठरवणारी कलमं दिल्लीपुरती घटनाबाह्य ठरवली. ज्यांना स्पर्धेआधी उचललं त्यांच्यासाठी हा निकाल आठ वर्षं उशिराचा होता.

मुंबईत वानखेडेवर सामना असेल तेव्हा चर्चगेटला दुपारपासूनच बंदोबस्त लागतो. निरनिराळ्या ठाण्यांतून मनुष्यबळ मागवलेलं, राज्य राखीव पोलीस दलाच्या गाड्या, शीघ्र कृती दल, बॉम्बशोधक पथकाचा कुत्रा. फाटकाशी पाण्याच्या बाटल्या, नाणी, पॉवर बँक, पिशव्या यांचा ढीग. आत सीमारेषेपाशी बसलेल्या शिपायांकडे जरा लक्ष देऊन पाहा. त्यांचं तोंड प्रेक्षकांकडे असतं, पाठ मैदानाकडे. अख्खं स्टेडियम उसळतं तेव्हा मागे काय झालं हे त्यांना समोरच्या चेहऱ्यांवरून ओळखावं लागतं. यातले कितीतरी जण कल्याण-बदलापूरपलीकडे राहतात. देवनार पोलीस ठाण्यात २०१६ला सुरू झालेला आठ तासांच्या ड्युटीचा प्रयोग चांगला होता, पण बंदोबस्त लागला की साप्ताहिक सुट्टी आणि आठ तास दोन्ही जातात. शेवटची लोकल सुटेल की राहील, या काळजीत सामन्याचं शेवटचं षटक पाठीमागे चाललेलं असतं.

या मनुष्यबळाचे पैसे आयोजकांनी भरायचे असतात. मुंबईत हे शुल्क एका सामन्यासाठी सत्तर-पंचाहत्तर लाखांच्या घरात होतं. जून २०२३मध्ये राज्य सरकारनं ते दहा ते पंचवीस लाखांवर आणलं, आणि तेही २०११पासून मागच्या तारखेनं. म्हणजे थकबाकीचा मोठा भाग एका शासन निर्णयात पुसला गेला. माहिती अधिकार कार्यकर्ते अनिल गलगली यांनी याविरुद्ध जनहित याचिका केली, तेव्हा मुंबई उच्च न्यायालयानंही सरकारला याचा जाब विचारला. जगातल्या सर्वांत श्रीमंत क्रिकेट मंडळाच्या स्पर्धेला ही सवलत कशासाठी, याचं पटणारं उत्तर मला अजून सापडलेलं नाही. सामन्याच्या रात्री ज्या ठाण्यातून शिपाई वानखेडेला गेले, त्या ठाण्याच्या हद्दीतल्या माणसाला आपली तक्रार घेऊन थांबावं लागतं. हा खर्च कुठल्याच शुल्कात मोजला जात नाही.

पहारा कशाचा करायचा, हेच चुकलं तर काय होतं ते बेंगळुरूनं दाखवलं. ३ जून २०२५ला रॉयल चॅलेंजर्सनं पहिल्यांदा आयपीएल जिंकली आणि दुसऱ्याच दिवशी सत्कार ठरला. तयारीला जेमतेम एक रात्र मिळाली. चिन्नास्वामी स्टेडियमची क्षमता पस्तीस हजारांच्या आसपास, आणि बाहेर लाखोंचा लोंढा. मोफत प्रवेशाच्या बातमीनं तो आणखी वाढला. फाटकांपाशी चेंगरून अकरा जण गेले, बहुतेक तरुण. पोलीस आयुक्तांना निलंबित करण्यात आलं. पुढे केंद्रीय प्रशासकीय न्यायाधिकरणानं एका निलंबित अधिकाऱ्याच्या प्रकरणात स्पष्ट म्हटलं की, पोलीसही माणसंच आहेत, बारा तासांत एवढी व्यवस्था उभी करण्याची जादू त्यांच्याकडे नाही. आदल्याच वर्षी, ४ जुलै २०२४ला, विश्वविजेत्या संघाच्या मिरवणुकीत मरीन ड्राइव्हवर आपणही या काठापर्यंत जाऊन आलो होतो. काही जण गुदमरून रुग्णालयात गेले, चपलांचे ढीग रस्त्यावर राहिले.

इंग्लंडला हा धडा १९८९मध्ये शेफील्डच्या हिल्सबरो मैदानावर मिळाला. दंगेखोर प्रेक्षकांना आवरण्यासाठी उभारलेल्या लोखंडी कुंपणाला चिकटून लिव्हरपूलचे पाठीराखे चिरडले गेले. मृतांचा आकडा पुढे ९७वर गेला. पोलिसांनी बरीच वर्षं दारुड्या प्रेक्षकांकडे बोट दाखवलं. २०१६मध्ये ज्युरीनं प्रेक्षकांना निर्दोष ठरवलं आणि पोलिसांच्या हलगर्जीपणावर ठपका ठेवला. गर्दीकडे संकट म्हणून पाहणारी यंत्रणा गर्दीतल्या माणसाचा जीव वाचवायला उशिरा पोचते. दहशतवाद्याच्या शोधात सज्ज असलेल्या शेकडो पोलिसांपैकी एकालाही ‘या फाटकावर प्रत्येक मिनिटाला किती माणसं आत जाऊ शकतात’ हे मोजायचं काम दिलेलं नसेल, तर बाकी सज्जता कुचकामी आहे.

पॅरिसनं २०२४च्या ऑलिंपिकसाठी पाळतीला निदान मुदत घालून पाहिली. नेमबाज स्वप्नील कुसळेच्या कांस्यपदकानं कोल्हापूर नाचत होतं त्याच्या आठवडाभर आधीपर्यंत सीन नदीकाठच्या पॅरिसकरांना स्वतःच्या घरी जायला क्यूआर कोड दाखवावा लागत होता. उद्घाटनाला ४५ हजार पोलीस होते. आपल्याकडच्या निमलष्करी दलांचीही दहा श्वानपथकं तिथे गेली होती. मे २०२३च्या कायद्यानं फ्रान्सनं संगणकाला कॅमेऱ्यांचं चित्रण वाचून इशारा द्यायची परवानगी दिली. बेवारस वस्तू, जमिनीवर पडलेला माणूस, गर्दीची दाटी, आग अशा आठच प्रसंगांसाठी. चेहरा ओळखायला मनाई. आणि मुदत ३१ मार्च २०२५पर्यंत. शिवाय निकाल तपासायला स्वतंत्र समिती. जानेवारी २०२५मध्ये समितीचा अहवाल प्रसिद्ध झाला. निष्कर्ष संमिश्र होते. बेवारस वस्तू ओळखण्यात यंत्रणा बऱ्याचदा फसली होती. तरीही सरकारनं वाहतूक सुरक्षेच्या भलत्याच कायद्यात कलम घुसवून मुदत २०२७पर्यंत वाढवली. एप्रिलमध्ये घटना परिषदेनं ते कलम रद्द केलं, तर महिन्याभरात सरकारनं २०३०च्या हिवाळी ऑलिंपिकच्या विधेयकात तेच पुन्हा आणलं. मुदत लिहिलेली होती म्हणून निदान प्रत्येक वेळी सरकारला संसदेपुढे यावं लागलं, लोकांना विरोध करता आला.

२६ नोव्हेंबर २०२५ला ग्लासगोमध्ये २०३०ची राष्ट्रकुल स्पर्धा अहमदाबादला देण्यावर शिक्कामोर्तब झालं. २०३६च्या ऑलिंपिकवरही आपला दावा आहे. अहमदाबादच्या स्टेडियमची क्षमता १ लाख ३२ हजार. तिथेच २०२३च्या क्रिकेट विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात एक प्रेक्षक सगळं कडं ओलांडून थेट विराट कोहलीपर्यंत पोचला होता, त्यामुळे बंदोबस्त वाढणार हे नक्की आणि तो वाढावाही. पण आपल्या २०२३च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानुसार केंद्र सरकार कुठल्याही सरकारी यंत्रणेला अधिसूचना काढून त्यातून सूट देऊ शकतं. स्पर्धेसाठी लागणारे कॅमेरे, चेहरे ओळखणारी यंत्रणा, नियंत्रण कक्ष यांच्या निविदा स्पर्धेच्या कितीतरी आधी निघतात. चित्रण किती दिवस ठेवायचं, ते कोणाला पाहता येईल, स्पर्धा संपल्यावर यंत्रणा कोणत्या तारखेला बंद होईल किंवा कोणत्या सभागृहाच्या मंजुरीनं पुढे चालेल, हे त्या निविदांच्या अटींत लिहिता येतं. साबरमतीच्या काठावरच्या ज्या वस्त्यांच्या दारावरून हे सगळं जाणार आहे, तिथल्या लोकप्रतिनिधींनी त्या अटी वाचायला आतापासूनच मागवाव्यात.